उद्याच्या ओळीवरची सही

मला याद्या करायची सवय आहे. शिवणाचा क्लास चालवत होते तेव्हा प्रत्येक ब्लाउजचं माप, शेजारी कापडाचा तुकडा टाचणीने लावून, माझ्या वहीत असायचं. सरपंच झाले तेव्हा पहिल्याच दिवशी दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर 'ग्रामपंचायत' असं लिहिलं. उपसरपंच माझ्या यजमानांचे दोस्त. ते म्हणाले, "वहिनी, पंचायत वहीवर नाही चालत, चहावर चालते." सगळे हसले. मीही हसले आणि दुसऱ्या दिवसापासून हजेरी घ्यायला लागले.

पुढे जे घडलं ते या टापटिपीतूनच घडलं, म्हणून आधी ती सांगते.

आमचं गाव जळगाव जामोदच्या अलीकडे, खारपाण पट्ट्यात. बोअरचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही आणि त्याने धुतलेल्या केसांच्या जटा होतात. गोड पाण्याची विहीर एकच, नाल्याच्या काठावर. तिथून मोटारीने टाकीत आणि टाकीतून सकाळी तासभर नळाला. तेवढ्या तासात घरोघरी दिवसाचं पाणी भरलं जातं. नऊ सदस्यांची आमची पंचायत महिन्यातून एकदा बसते. विषयपत्रिका आधी निघते, ठराव होतात, ग्रामसेवक ते इतिवृत्तात लिहितात. ग्रामसेवकांकडे दोन गावं, म्हणून ते आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी. बाकीचे दिवस पंचायत म्हणजे पाणी सोडणारे काका. वय साठीला आलेलं, पायात रबरी चप्पल, खिशात व्हॉल्व्हची चावी. पहाटे मोटार सुरू करायची, बादलीत ब्लिचिंग पावडर कालवायची, गाळ खाली बसला की वरची निवळी टाकीत ओतायची. मग कुठल्या तरी नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर पावडर लागली. पांढरं राहिलं तर नाही लागली.

याचं एक रजिस्टर असतं. जुन्या रजिस्टरमध्ये काका मनात येईल ते लिहीत. 'ठीक', 'बरं', एकदा तर 'पाऊस'. मला ते पाहवेना. मी पट्टी घेऊन नवीन तक्ता आखला: तारीख, पावडर टाकली, रंग आला, सरपंचाची सही. काकांना शब्द लिहावे लागू नयेत म्हणून रकान्यात फक्त बरोबरची खूण. आणि त्यांना बजावलं, "काका, एकही खाना रिकामा दिसला तर मी विचारीन." तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या तक्त्याचा फोटो काढून नेला. मला फार बरं वाटलं होतं.

सही मी दर सोमवारी आठवड्याची एकदम करायची. त्या भाद्रपदात मुलीच्या प्रवेशासाठी अमरावतीला खेपा होणार होत्या, म्हणून एक तारखेलाच अख्ख्या महिन्याच्या सह्या करून टाकल्या. खाली एकाखाली एक, सरळ रेषेत. चुकीचं वाटलं नाही. काम उरकल्यासारखं वाटलं.

त्याच महिन्याच्या सभेत एक गोष्ट झाली होती. आमच्या पंचायतीत सर्वांत तरुण सदस्य म्हणजे बौद्धवस्तीतली एक सून. बारावी झालेली, चौदा महिन्यांची मुलगी मांडीवर घेऊन सभेला यायची, आणि बोलायची ते मुद्द्याचं. सभा संपता संपता ती म्हणाली, "ताई, मागची खोली गळून राह्यली. पावडरीचं पोतं वलं होते तिथं."

मी विषयपत्रिका पाहिली. तो विषय तिच्यात नव्हता. "पुढच्या सभेत घेऊ," म्हटलं, आणि वहीत पुढच्या महिन्याच्या पानावर चौथ्या क्रमांकाला लिहिलं: मागची खोली, गळती. अक्षर चांगलं आलं होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, सकाळी साडेसातला, आशाताई दारात आल्या. गावातल्या आजाराची पहिली बातमी त्यांच्याकडेच येते. त्यांनी चप्पलही काढली नाही. "ताई, बौद्धवस्तीत तीन घरी हगवण-उलट्या. रातीपासून. सदस्य बाईची पोरगी लय सुकली."

मी तशीच निघाले. ती पोर आईच्या खांद्यावर होती, पण खांद्यावर मूल जसं डोकं टेकवतं तसं नव्हे. डोकं नुसतं पडलेलं होतं. डोळे आत गेलेले, ओठांना पापुद्रा. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. आशाताईंनी जलसंजीवनीची पुडी फोडली. आईने माठावरचं झाकण काढलं, तांब्याभर पाणी घेतलं, पुडी कालवली आणि चमच्याने पाजायला लागली. मी समोर उभी होते. "थोडं थोडं पाज," असं मीच म्हणाले.

तिथून पंचायतीत आले ती रजिस्टर बघायला. बाकी काही असो, पाण्याची बाजू आपली पक्की आहे, हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं. कुलूप काढलं, रजिस्टर उघडलं. आजची तारीख. पावडर टाकली: खूण. रंग आला: खूण. माझी सही. मी खुर्चीवर बसले, जरा हायसं वाटलं.

मग नजर एक ओळ खाली गेली.

उद्याची तारीख. पावडर टाकली: खूण. रंग आला: खूण. माझी सही. परवाची तारीख. तेच. महिना संपेपर्यंत तेच.

मला आठवतं, मी पान उलटून पाहिलं, जणू मागच्या बाजूला काही खुलासा लिहिलेला असेल. बाहेर व्हॉल्व्हची चावी वाजली आणि काका आत आले.

"काका, हे काय आहे?"

त्यांनी पाहिलं. लपवाछपवी केली नाही. "एक तारखेलेच भरून ठेवलं, ताई. तुमच्या सह्या व्हत्या ना खालपर्यंत. म्हटलं, खाना रिकामा नको."

"रंग येत होता की नाही?"

"पहिले आठ-दहा दिवस आला. मंग नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"कोठं सांगू? ग्रामसेवक साहेबाले म्हटलं, ते म्हणे नवीन पोतं मागवू, सरपंचाले सांगा. तुम्ही अमरावतीले. अन् रजिस्टरात..." त्यांनी बोट ठेवलं. "रंग आला, हे लिहेल हाये. नाही आला, हे कोठं लिहावं? जागाच नाही."

त्यांचं बरोबर होतं. तक्ता मी आखला होता, आणि 'नाही' लिहायला मी जागा ठेवली नव्हती.

मागच्या खोलीत गेलो. पोतं भिंतीला टेकवलेलं, खाली ओल. काकांनी त्यातलं एक ढेकूळ काढून माझ्या हातावर ठेवलं. चुन्याच्या दगडासारखं. नाकाशी धरलं. ब्लिचिंगचा वास नाकाला झोंबतो. याला कसलाच वास नव्हता. काका रोज पहाटे इमानाने हाच दगड फोडून बादलीत कालवत होते. आणि वर पाऊस पडून नाल्याचं गढूळ पाणी विहिरीत पाझरत होतं.

एवढ्यात उपसरपंच आले. त्यांना आशाताईंकडून कळलं होतं. रजिस्टर पाहून त्यांनी आधी दार लोटलं.

"हे पाहा वहिनी, घाबरू नका. एक, डॉक्टर अकरा वाजेलोक येतीन. दोन, शेजारच्या गावाहून मी आत्ता पोतं आणतो. टाकीत चांगली दुप्पट पावडर टाकू. ते तपासतीन, पिवळं दिसंन. तीन, हे रजिस्टर घरी न्या अन् नवं लिहा."

तेही माझ्याच पद्धतीने मुद्दे मोजत होते. मला त्याचं हसू यायला हवं होतं.

"अन् लोकांना काय सांगायचं? त्यांनी सकाळी भरलंय ते पाणी."

"सांगा, मोटार बिघडली, आज-उद्या नळ येणार नाही. एवढंच. पाण्यात खराबी हाये असं भोंग्यावर बोललं की गाव इथं येऊन बसंन. तुमच्या त्या सह्या पाहिल्या तर काका जातो घरी अन् तुम्ही जाता जिल्ह्याले, सुनावणीले."

काका कोपऱ्यात उभे होते. हातातली चावी या हातातून त्या हातात घेत राहिले.

मी माइक हातात घेतला. पंचायतीच्या छतावर भोंगा आहे. पूर्वी दवंडी पिटत, आता त्यावरून सांगतो. मी म्हणाले, "मोटारीचं काम निघाल्यामुळे आज आणि उद्या नळाला पाणी येणार नाही." दोनदा म्हणाले. आवाज नेहमीसारखा निघाला. त्याची मला आजही शरम वाटते.

डॉक्टर आल्या तेव्हा टाकीत नवीन पावडर पडली होती. तरुण बाई, घाईत, पण नजर धारदार. त्यांनी टाकीचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. गडद पिवळं झालं, जवळजवळ नारिंगी.

"बरीच टाकली आहे," त्या म्हणाल्या. "रोज टाकता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. उपसरपंच टाकीकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले.

"मग वस्तीतली पाइपलाइन कुठेतरी नालीत फुटली असेल. तिकडून सुरुवात करू." त्या माणसं घेऊन वस्तीतल्या नाल्या बघायला गेल्या. मागून कोणीतरी म्हणालंच, "त्याइच्याच नाल्या तुंबेल राह्यतात." मी ते ऐकलं आणि गप्प राहिले.

हातांना काम हवं म्हणून मी वही घेतली आणि घरोघर आजारी कोण याची यादी करायला निघाले. वस्तीत नाही, मुद्दाम आमच्या बाजूच्या गल्लीत. पहिल्याच घरी म्हातारी ओसरीत बसली होती. शेजारी पाण्याने भरलेले दोन गुंड, एक माठ, तिन्हींवर ताटल्या आणि ताटल्यांवर दगड.

"आजी, काही त्रास नाही ना?"

"नाही वं माय. पण तू म्हणाली नळ येत नाही, मंग सकाळचंच पुरवून पुरवून पिऊन राह्यलो. थेंब नाही सांडू दिला." तिने नातसुनेला हाक मारली, "ओ, सरपंचबाईले पाणी दे!"

तांब्या माझ्या हातात आला. मी त्यात पाहिलं. स्वच्छ दिसत होतं.

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी एकाने धुणं खारट पाण्यात काढलं होतं आणि गोडं पाणी पिण्यासाठी राखून ठेवलं होतं. इतर कुठल्या गावात नळ बंद म्हटलं तर लोक दुसरं पाणी शोधतात. आमच्याकडे दुसरं पाणी पिण्याजोगं नाही. मी नळ बंद सांगितला, आणि सगळ्या गावाने सकाळचं तेच पाणी जपून, झाकून, मापाने प्यायला घेतलं होतं. हे मला सुचायला हवं होतं. याच गावात मी पंचवीस वर्षं पाणी भरते.

वहीतलं पान कोरंच होतं. अ‍ॅम्ब्युलन्सचा आवाज आला तेव्हा मी धावत वस्तीकडे गेले.

सदस्य बाईच्या नवऱ्याने मुलीला आत घेतलं होतं. हाताला आधीच सलाइन लावलेली. जळगाव जामोदला दाखवून तसंच खामगावला न्यायचं, असं डॉक्टरबाई ड्रायव्हरला सांगत होत्या. ती पायरीवर एक पाय ठेवून थांबली आणि मला म्हणाली, "ताई, चार वेळा पाजलं मी तिले, तुम्ही म्हणल्या तसं थोडं थोडं. तरी काऊन उतरून राह्यली?"

मला उत्तर माहीत होतं. दार लागलं.

मी डॉक्टरबाईंचा हात धरला, म्हणजे अगदी मनगटच धरलं. "पाइपलाइन नाही, मॅडम. टाकीत दोन आठवडे पावडर लागलेली नाही. तुम्ही पाहिली ती पावडर आम्ही तुम्ही यायच्या जरा आधी टाकली. घराघरात जुनं पाणी आहे, आणि लोक तेच पीत आहेत."

त्यांनी मनगट सोडवून घड्याळात पाहिलं. मग एवढंच म्हणाल्या, "दीड तास गेला आपला." आणि, "बोला भोंग्यावर. आत्ता."

मी पंचायतीपर्यंत धावले. माझ्या वयाची बाई आमच्या गावात धावत नाही. लोक ओट्यांवर उभे राहिले. उपसरपंच दारात होते. "वहिनी, विचार करा." मी त्यांच्या शेजारून आत गेले.

या वेळी आवाज नेहमीसारखा निघाला नाही. मी म्हणाले: सकाळी भरलेलं पाणी पिऊ नका. ओतून द्या, माठ, गुंड, सगळं. त्या पाण्याने लोक आजारी पडलेत. पावडर खराब झाली होती. रजिस्टरात रोज टाकल्याचं लिहिलंय ते खोटं आहे आणि त्याखाली सही माझी आहे. मोटार बिघडलेली नाही, सकाळी मी खोटं बोलले. नळ आता परत सुटेल. ते पाणी उकळून प्या.

मग मी तेच पुन्हा म्हणाले, कारण भोंग्यावर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची पद्धत आहे. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

बाहेर आले तेव्हा गल्लीत पाणी वाहत होतं. घराघरातून गुंड उपडे होत होते. त्या म्हाताऱ्या आजी स्वतः माठ तिरका करत होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सकाळीच नाही सांगता आलं काय वं?" आणि माठ पूर्ण उपडा केला.

त्या दिवशी आणखी सहा जण आजारी पडले. सगळे मोठे होते, सलाइनवर सावरले. त्या मुलीचं मात्र काही कळत नव्हतं. खामगावला पोचली, एवढाच निरोप. तिच्या वडिलांना फोन करायचं माझं धाडस होत नव्हतं आणि न करणंही होत नव्हतं. मी वही उघडली, करायच्या कामांची यादी लिहायला घेतली, आणि पहिल्या क्रमांकापुढे काहीच लिहू शकले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आशाताईंचा फोन आला. मी तो तीनदा वाजू दिला.

"लघवी झाली तिले," आशाताई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणे, आता भेव नाही."

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि बराच वेळ उठले नाही.

आठवड्याने विशेष ग्रामसभा झाली. एरवी ग्रामसभेला कोरम भरवायला माणसं हाका मारून आणावी लागतात. त्या दिवशी पटांगणात जागा नव्हती. रजिस्टर मी टेबलावर ठेवलं आणि ते पान वाचून दाखवलं, उद्या-परवाच्या तारखांसकट. मागून एक जण ओरडला, "ताई, पुढच्या इलेक्शनचीही सही करून ठेवली काय?" लोक हसले. मी म्हणाले, "काकांना नोटीस द्यायची असेल तर आधी मला द्या. तक्ता माझा आहे." काकांनी मान वर केली नाही. वरच्या कार्यालयातून मला कारणे दाखवा पत्र आलं होतं; तेही वाचलं, माझं उत्तरही वाचलं.

मग ती उठली. मुलगी कडेवर होती, मनगटावर सलाइनची चिकटपट्टी अजून.

"ताई, त्या दिवशी सकाळी माह्या घरी आल्या, तवा तुम्हाले मालूम व्हतं?"

"नाही."

"अन् पहिल्यांदा भोंग्यावर बोलल्या, तवा?"

ही गोष्ट मी तोपर्यंत कोणालाही, घरीसुद्धा, नीट सांगितली नव्हती. उपसरपंचांनी खोकून पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "तेव्हा माहीत होतं."

ती शिव्या देईल असं वाटलं, आणि ते बरं झालं असतं. ती म्हणाली, "मंग आता पाण्याची तपासणी माह्या नळावर होईन. लाइनीच्या शेवटाले. अन् ते मी करीन. सही मीच करीन, त्याच दिवशी." ठराव झाला. सूचक म्हणून मी नाव देऊ केलं. ती म्हणाली, नको, दुसऱ्या कोणाचं घ्या.

मागच्या खोलीचं छत त्याच आठवड्यात झालं. पोतं आता लाकडी फळीवर, जमिनीपासून वीतभर उंच असतं. तक्त्यात 'रंग आला नाही' असा रकाना आहे, आणि तो भरला तर नळ लगेच बंद होतो. आतापर्यंत दोनदा भरला आहे. काका अजून पाणी सोडतात.

सुरुवातीला ती रोज सकाळी मला नळीचा फोटो पाठवायची. पाणी पिवळं, मागे तिच्या घराची निळी भिंत. एक दिवस सव्वासात झाले तरी फोटो नाही. मी चप्पल घातली आणि निघाले, निम्म्या वाटेवर चक्क धावत. ती नळापाशी बसली होती. फोनची बॅटरी संपली होती, बस.

माझ्याकडे पाहून म्हणाली, "रोज इथंच यायले काय होते तुम्हाले? फोटो काऊन पाह्यजे?"

त्या दिवसापासून मी फोटो मागत नाही. पावणेसातला घरून निघते. मुलगी आता चालते. नळीकडे हात करते, आई ती उंच धरते. मग आई थेंब टाकते आणि आम्ही दोघी पाहत राहतो. रंग यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात ती माझ्याशी बोलत नाही, आणि मला अजूनही तेवढीच भीती वाटते.